नागपूरच्या हवेत कॉस्टिक सांभाळताना

कॉस्टिक सोड्याच्या टँकरसोबत येणारी माहितीपत्रकं वाचली की वाटतं, जगात सगळीकडे पंचवीस अंश तापमान असतं. नागपूरजवळच्या बुटीबोरीत तसं फार थोडे दिवस असतं. मे महिन्याच्या दुपारी पारा ४५-४६ वर, तर डिसेंबरअखेरच्या पहाटे आठ-नऊवर. २९ डिसेंबर २०१८ ला तर नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. आणि कॉस्टिक तापमानाच्या बाबतीत भारी हट्टी. थंडीत गोठतं, पाण्यात पडलं की तापतं, आणि तापलं की ज्या लोखंडात ठेवलंय त्यालाच तडे पाडतं. म्हणून इथे कॉस्टिक हाताळणाऱ्याने भिंतीवरच्या सूचनांइतकंच कॅलेंडरही बघावं, असं माझं मत आहे.

मी बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. पाण्यातले क्षार काढणारा डीएम प्लांट आणि सांडपाणी शुद्ध करणारा ईटीपी माझ्याकडे. दोन्हीकडे कॉस्टिक लागतं, त्यामुळे टँकर गेटवर आल्यापासून शेवटचा थेंब नाल्यात जाणार नाही इथपर्यंतची कटकट माझीच. नव्याने लागलेल्या मुलांना जे तोंडी सांगते, तेच इथे लिहिते आहे. हिंगणा-कळमेश्वरला छोटी युनिटं चालवणाऱ्यांना ते जास्त उपयोगी पडावं. मोठ्या कारखान्यात निदान सेफ्टी ऑफिसर असतो. छोट्या ठिकाणी मालक, एक ऑपरेटर आणि वर देव.

माल बनतो कसा

कॉस्टिक बनवायला लागतं मीठ, पाणी आणि भरपूर वीज. मिठाच्या संपृक्त द्रावणातून वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन सुटतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन आणि कॉस्टिक तयार होतं. एक टन कॉस्टिकमागे साधारण दीड टन मीठ आणि सव्वादोन ते अडीच हजार युनिट वीज जाते. सोबत सुमारे ८८६ किलो क्लोरीन आणि २५ किलो हायड्रोजन निघतो. या क्लोरीनला गिऱ्हाईक नसेल तर कॉस्टिकचं उत्पादनही कमी करावं लागतं, कारण क्लोरीन काही कोणी गोदामात रचून ठेवू शकत नाही. आपल्याकडे कॉस्टिकचा भाव कधी कधी विनाकारण उसळल्यासारखा वाटतो, त्यामागे पुष्कळदा क्लोरीनचं गणित असतं.

मीठ समुद्रकाठी पिकतं, म्हणून हे कारखाने मोठ्या प्रमाणात गुजरातेत, दहेज-भरूच-वडोदरा पट्ट्यात आहेत. आमचा टँकर तिकडूनच सुरत-धुळे-अकोला-अमरावती करत येतो.

आता बहुतेक ठिकाणी मेम्ब्रेन सेल असतात. पूर्वी पाऱ्याचे सेल चालत, पण पारा सांडपाण्यात आणि मालात उतरायचा, म्हणून ते मागे पडले. मेम्ब्रेन सेलमध्ये टायटॅनियमचा ॲनोड असतो, त्यावर रुथेनियम ऑक्साइडचा थर, पलीकडे निकेलचा कॅथोड, आणि मधे एक पातळ पडदा. पडदा सोडियमला पलीकडे जाऊ देतो, क्लोरीनला आणि क्लोराइडला नाही. प्रत्येक सेलवर जेमतेम तीन व्होल्टच्या आसपास दाब, पण करंट हजारो अँपिअरचा. तापमान ८० ते ९० अंश.

हा पडदा नाजूक आणि महाग. मिठातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यात जाऊन बसलं की तो खराब होतो. म्हणून मिठाचं पाणी आधी सोडा ॲश आणि कॉस्टिक घालून निवळतात, गाळतात, आणि मग क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या दाण्यांवरून नेऊन कॅल्शियम-मॅग्नेशियम एक अब्ज भागांत वीसच्या खाली आणतात. पडदा फाटला तर हायड्रोजन आणि क्लोरीन एकत्र येतात आणि ते मिश्रण स्फोटक असतं. त्यामुळे कंट्रोल रूममधला माणूस दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक आणि एकेका सेलचं व्होल्टेज पाहत बसलेला असतो. क्लोरीन कुठे सुटलाच तर तो ओढून कॉस्टिकच्याच स्क्रबरमधून, म्हणजे वायू धुणाऱ्या मनोऱ्यातून, नेतात, तिथे त्याचं हायपोक्लोराइट होतं. म्हणजे त्या कारखान्याचा राखणदारही कॉस्टिकच.

सेलमधून निघते ती ३२ टक्क्यांच्या आसपासची लाय, म्हणजे कॉस्टिकचं पाण्यातलं द्रावण. वाफेवर आटवून ती ४८-५० टक्के करतात, आणि आणखी पाणी काढून टाकलं की फ्लेक्स, म्हणजे सुके पापुद्रे, ९८ टक्क्यांच्या वरचे.

खरेदी करताना भाव सुक्या मालावर ठरतो, हे मालकांनी विसरू नये. वीस टनांचा टँकर ४८ टक्क्यांचा असेल तर त्यात कॉस्टिक ९.६ टन. तोच ४६ टक्क्यांचा निघाला तर ९.२ टन. चारशे किलोचा फरक वजनकाट्यावर कधीच दिसत नाही, तो प्रयोगशाळेतच दिसतो.

आणि इथेच मे महिना आडवा येतो. गेटवर हायड्रोमीटर टाकून घनता बघायची पद्धत आहे. ५० टक्क्यांची लाय २० अंशांना १.५२५ दाखवते. तीच लाय ४५ अंशांना १.५०७ च्या आसपास दाखवते, आणि तक्त्यात ते ४८ टक्क्यांहून थोडंसंच जास्त भरतं. ड्रायव्हरने वाटेत पाणी मिसळलं म्हणून भांडण सुरू करायच्या आधी नमुन्यात थर्मामीटर बुडवा. डिसेंबरात उलटं होतं, हलका माल चांगला वाटतो. शेवटचा शब्द टायट्रेशनचाच, म्हणजे प्रयोगशाळेत ॲसिड घालून केलेल्या मोजणीचा.

टँकर उतरवताना

माझा पहिला नियम वेळेचा. एप्रिल ते जून टँकर सकाळी साडेसहा ते साडेनऊमध्येच उतरतो. दुपारी आला तर गेटबाहेर झाडाखाली उभा राहतो. ड्रायव्हर कुरकुर करतो, ट्रान्सपोर्टवाला फोन करतो, पर्चेसवाले डिटेन्शनच्या, म्हणजे टँकर थांबवून ठेवल्याच्या, पैशांचं सांगतात. सांगू द्या. दुपारी दोन वाजता पीव्हीसीचा सूट, गमबूट, गॉगल आणि वरून फेस शील्ड घालून माणूस दहा मिनिटं उभा राहू शकत नाही. अकराव्या मिनिटाला तो फेस शील्ड कपाळावर चढवतो, आणि नेमका तेव्हाच होज, म्हणजे माल उतरवायची नळी, हलतो.

टँकर आत आला की चाकांना पाचर, इंजिन बंद, चावी माझ्याकडे. मग कागद: लायसाठी यूएन क्रमांक १८२४, फ्लेक्ससाठी १८२३. टँकरवरच्या पाटीशी तो जुळला पाहिजे. पण कागदावर विसंबू नका. आमच्या आवारात हायड्रोक्लोरिक ॲसिडचाही टँकर येतो, आणि लांबून दोन्ही टँकर सारखेच दिसतात. वरून नमुना घ्यायचा, काचेच्या बीकरमध्ये आधी पाणी, त्यात नमुन्याचा एक थेंब, आणि लिटमस. निळा आला तरच पुढे. कॉस्टिकच्या टाकीत ॲसिडचा टँकर जोडला जाण्याचे अपघात खरे आहेत, आणि ते थांबवायला हा एक थेंब पुरतो. दोन्ही टाक्यांच्या इनलेटला वेगवेगळ्या मापाचं कपलिंग बसवा आणि कॉस्टिकच्या इनलेटला कुलूप ठेवा, म्हणजे चुकून जोडायचं म्हटलं तरी जोडता येणार नाही.

होज जोडायच्या आधी सेफ्टी शॉवर उघडून बघायचा, टाकीत जागा किती ते डिपने, म्हणजे मापाची पट्टी बुडवून, मोजायचं, एकट्या लेव्हल गेजवर भरवसा नाही. लायमुळे गेजची काच धूसर होते. व्हेंट, म्हणजे टाकीत हवा जाण्यायेण्याचं तोंड, मोकळा आहे ना, तेही बघा. हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडशी लाय मिळून पांढरा सोडा तयार होतो आणि तो व्हेंटच्या तोंडाशी साचत जातो. व्हेंट बुजलेला असताना पंप ओढायला लागला तर टाकी आत दबते.

पंप सुरू झाला की पहिली दोन मिनिटं सगळ्यांनी बाजूला उभं राहून नुसतं बघायचं. गळती होणार असेल तर बहुतेक तेव्हाच होते. फ्लँजवर, म्हणजे पाइपच्या जोडांवर, प्लास्टिकचे गार्ड हवेतच, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवरच्या फ्लँजवर तर नक्कीच.

उतरवून झालं की होज काढताना घाई होते, कारण सगळ्यांना चहा हवा असतो. होजच्या पोटात चार-पाच लिटर लाय राहिलेली असते. आधी टाकीच्या बाजूने उचलून निथळू द्या, खाली प्लास्टिकची ट्रे ठेवा, मग कपलिंग सैल करा, तेही स्वतःपासून लांबची बाजू आधी.

बॉल व्हॉल्व्हबद्दल, म्हणजे आत भोकाचा गोळा फिरणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल, एक गोष्ट मी प्रत्येक फिटरला सांगते. लाइन धुतली, ड्रेन केली, व्हॉल्व्ह बंद केला, तरी बॉलच्या पोकळीत लाय अडकून राहते. व्हॉल्व्ह खोलताना ती थेट हातावर येते. म्हणून लाइन धुताना व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवून पाणी खेळवायचं, दोन-तीनदा फिरवायचा, आणि मगच स्पॅनर लावायचा.

कशात ठेवायचं, कशात नाही

साध्या लोखंडाची टाकी चालते, पण लाय ५० अंशांच्या आतच राहिली तर. त्याच्यावर गेली की वेल्डिंगच्या जोडांपाशी तडे जायला लागतात, तेही बाहेरून काही न दिसता. म्हणून उघड्यावरच्या टाकीवर शेड हवी, निदान पांढरा रंग तरी. नागपूरच्या उन्हात काळी टाकी ही मला चूकच वाटते.

छोट्या युनिटमध्ये गच्चीवरच्या पाण्याच्या प्लास्टिक टाक्या कॉस्टिकसाठी वापरतात. प्लास्टिकला कॉस्टिक खात नाही, हे खरं. पण ती टाकी पाण्याच्या वजनासाठी केलेली असते. एक हजार लिटर लाय दीड टनाची. उन्हात प्लास्टिक मऊ झालं, वजन दीडपट, आणि खालच्या नोजलपाशी चीर. टाकी मागवताना १.५ विशिष्ट गुरुत्वासाठी आणि कॉस्टिकसाठी हवी असं लेखी सांगा. भोवती बांध असा की सर्वात मोठी टाकी रिकामी झाली तरी लाय आतच राहील. आणि ॲसिडच्या टाकीचा बांध पूर्ण वेगळा.

ॲल्युमिनियम, जस्त, पितळ यांपासून कॉस्टिक लांब ठेवा. जीआयची बादली, जर्मनचं पातेलं, पितळी नळ, काहीही नको. कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सोडतं. बंद खोलीत एवढा हायड्रोजन पेट घ्यायला एक ठिणगी पुरे. एका ठिकाणी मी स्वतः पाहिलंय, फ्लेक्स मोजायला ॲल्युमिनियमचा मग ठेवला होता, आतून तो झिजून कागदासारखा पातळ झाला होता, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकवर पाणी नाही

हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. का, ते मात्र आकड्यांत बघावं लागतं, तेव्हा धाक बसतो.

एक किलो फ्लेक्स पाण्यात विरघळताना साधारण २६५ किलोकॅलरी उष्णता सुटते. २० टक्क्यांचं द्रावण करायचं म्हणजे एक किलोला चार लिटर पाणी. तापमान वाढतं ५५ ते ६० अंशांनी. जानेवारीत नळाचं पाणी २० अंशांचं असतं, द्रावण ८० पर्यंत जाईल. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी ४० च्या वर असतं. चाळीस अधिक साठ किती होतात ते करून बघा. उकळून अंगावर उडायला आणखी काही लागत नाही. हीच कृती, हेच माप, तोच माणूस. जानेवारीत काही झालं नाही म्हणून मे मध्येही होणार नाही, असं नसतं.

म्हणून उन्हाळ्यात द्रावण करायचं पाणी आदल्या रात्री भरून सावलीत ठेवा, काम पहाटे करा, आणि शक्यतो १० टक्क्यांच्या वर जाऊ नका. १० टक्क्यांना, म्हणजे २० किलो फ्लेक्सला १८० लिटर पाणी, वाढ तीसेक अंशांची असते. पाणी ३० चं असेल तर ६० ला थांबतं. प्लास्टिकच्या टाकीला त्याहून वर मी जाऊ देत नाही.

आधी सगळं पाणी, ढवळणी सुरू, मग फ्लेक्स थोडे थोडे, प्लास्टिकच्या फावड्याने. अख्खी पिशवी ओतायचा मोह भलताच असतो, कारण पन्नास किलोची पिशवी एकदा उचलली की परत ठेवावीशी वाटत नाही. पण एकदम पडलेले फ्लेक्स तळाशी जाऊन दगडासारखे बसतात. वरचं पाणी कोमटच राहतं आणि ऑपरेटरला वाटतं, चला, आज तापलं नाही. मग कोणीतरी काठीने तळ हलवतो आणि सगळी उष्णता एका झटक्यात वर येते. थर्मामीटर टाकीच्या तळाजवळचा बघा, वरचा नाही. पन्नासला पोचला की हात थांबवा, निवू द्या, मग पुढे.

लायपासून पातळ करताना उष्णता बरीच कमी निघते, म्हणून परवडत असेल तर छोट्या युनिटनेही फ्लेक्सऐवजी लायच घ्यावी. हिशेब मात्र वजनाने करा, लिटरने नाही. हजार किलो २० टक्के हवं असेल तर ५० टक्क्यांची लाय ४०० किलो, म्हणजे सुमारे २६२ लिटर, आणि पाणी ६०० लिटर. ही बेरीज ८६२ होते, पण टाकीत मोजाल तर ८२० च्या आसपासच भरेल. पाणी कुठे गळालं म्हणून शोधत बसू नका, मिसळल्यावर आकारमान घटतं.

फ्लेक्स आणि घाम यांचं वैर उन्हाळ्यात कळतं. फ्लेक्सची धूळ कॉलरच्या आत, मनगटावर, कंबरपट्ट्याखाली घामात विरघळते आणि तिथेच भाजते. हवेतल्या धुळीची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. घशात खवखवलं, शिंका आल्या, की धूळ जास्त आहे हे समजा. फुल बाह्या, गळ्याशी बंद कॉलर, धुळीचा मास्क. पावसाळ्यात प्रश्न वेगळा. उघडी राहिलेली पिशवी हवेतलं पाणी ओढून घेते आणि खाली चिकट डबकं होतं, जे दिसायला साध्या पाण्याचं असतं. सांडलेले फ्लेक्स कोरडेच झाडून उचलायचे, आधी पाणी मारायचं नाही.

डिसेंबर

५० टक्क्यांची लाय साधारण १२ अंशांना गोठते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत तेवढी थंडी कित्येक रात्री पडते. टाकी मोठी असेल तर तिच्या पोटात ऊब राहते. पण टाकी ते पंप हा इंचभर पाइप उघड्यावर असतो, आणि पहाटे पहिल्यांदा तोच धरतो.

गोठण्याआधीच ती घट्ट होते. सकाळच्या शिफ्टला पंप लावला की आवाज जड येतो, अँपिअर वर चढतात, डोसिंग, म्हणजे मापाने लाय पुढे जाणं, मात्र होत नाही. ड्रेनमधून थोडी काढून पाहिली तर थिजलेल्या तुपासारखी धूसर. इथे लोक करू नये ते सगळं करतात: हातोडी, ब्लो लॅम्प, नाहीतर पाइपमध्ये थेट वाफ. हातोडीने फ्लँज हलतो आणि लाय सुटली की तोंडावर. ज्योतीने एका जागी पाइप शंभरच्या वर तापतो, दोन्ही बाजूंना गोठलेले बोळे असतात, मधली लाय फुगायला जागा शोधते. आत सोडलेली वाफ लायमध्ये पाणी होऊन उसळते.

बरोबर रीत कंटाळवाणी आहे. पंप बंद, कुलूप. लाइनचं एक टोक टाकीकडे उघडं ठेवायचं. पाइपवर गोणपाट गुंडाळून त्यावर ४०-४५ अंशांचं पाणी सोडायचं, उघड्या टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मागे. तास-दीड तास जातो. तोवर प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे राहतात, त्यांना चहा द्या.

त्यापेक्षा ऑक्टोबरातच तयारी करावी. लाइनला विजेची ट्रेसिंग (पाइपला गुंडाळलेली तापणारी तार) आणि वर इन्सुलेशन, थर्मोस्टॅट २५-३० वर. पन्नासच्या वर कधीच नको, लोखंडाची गोष्ट वर सांगितलीच आहे. नाहीतर सरळ थंडीत ३२ टक्क्यांची लाय मागवा, किंवा टँकर उतरतानाच पातळ करून २० टक्क्यांवर ठेवा. २० टक्क्यांची लाय नागपुरात गोठणार नाही, शून्याच्या कितीतरी खाली जावं लागेल. वाहतुकीला थोडे पैसे जास्त पडतात. मला ते पहाटे पाच वाजताच्या फोनपेक्षा स्वस्त वाटतात.

अंगावर उडालं तर

ॲसिड उडालं की माणूस ओरडतो. कॉस्टिक उडालं की बऱ्याचदा ओरडतच नाही. कातडीतल्या चरबीचा साबण होतो, हाताला बुळबुळीत लागतं, आणि वेदना उशिरा येते. तोवर ते आत उतरलेलं असतं.

आमच्याकडच्या एका हेल्परच्या बुटात गॅस्केटमधून ठिबकलेली लाय गेली. पायात चामड्याचे बूट, कारण गमबुटात पाय भाजतात म्हणे. त्याचा मोजा ओला दिसला म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "पाणी असन मॅडम, काही झोंबत नाही जी." मोजा काढला तर घोट्याखालची कातडी पांढरी, फुगलेली, आणि मोज्याला चिकटून आली. जखम भरायला महिने गेले. चामड्याला कॉस्टिक खातं आणि धरूनही ठेवतं, म्हणून चामड्याचे बूट, चामड्याचे हातमोजे कॉस्टिकजवळ नकोतच. गमबूट, आणि पँट बुटाच्या बाहेर, आत खोचलेली नाही. हातमोजे लांब, निओप्रीनचे किंवा पीव्हीसीचे. हात खाली ठेवून काम असेल तर बाही मोज्याच्या बाहेरून, हात वर करून असेल तर मोजा बाहीच्या बाहेरून, म्हणजे ओघळ आत जाणार नाही.

उडालं की लगेच पाणी. शॉवरखाली उभं राहून कपडे काढायचे, काढून मग शॉवरखाली नाही. लाज नंतर. निदान पंधरा मिनिटं, आणि बुळबुळीतपणा जाईपर्यंत त्यापुढेही. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून सतत पाणी, नाकाकडून कानाकडे, अर्धा तास. चोळायचं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्याने या कामावर येऊच नये.

लिंबू, ताक, व्हिनेगर, हळद, टूथपेस्ट: यातलं काहीही नाही. आंबट घातलं की कॉस्टिक मरतं हे शाळेतलं खरं, पण ते मरताना उष्णता सोडतं, आणि ती भाजलेल्या कातडीवरच. गिळलं गेलं असेल तर तोंड धुवा, उलटी करवू नका, थेट दवाखाना. १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा, पाण्याखालच्या माणसाला सोडून नाही. बुटीबोरीहून नागपूरच्या सरकारी मेडिकलला पोचायला वर्धा रोडच्या गर्दीत किती वेळ लागेल सांगता येत नाही, मिहानमधलं एम्स त्या मानाने जवळ. पण दोन्हीकडे जायच्या आधीची ही पंधरा मिनिटं कारखान्यातच काढायची असतात. गाडीतही सलाइनच्या बाटल्यांनी डोळा धूत राहा.

आता शॉवरचं. पत्र्यावरून आलेल्या पाइपात मे महिन्यात दुपारी पाणी हात लावू देत नाही. भाजलेला माणूस त्याखाली दोन सेकंदांत बाहेर उडी मारतो, आणि पंधरा मिनिटांचा नियम फळ्यावर राहतो. त्यामुळे शॉवरची लाइन जमिनीखालून, टाकी सावलीत, उघडी नळी इन्सुलेट केलेली हवी. मिनिटाला ७५ लिटर या हिशेबाने पंधरा मिनिटांना अकराशे लिटरच्या वर पाणी लागतं, तेवढं एकट्या शॉवरसाठी राखून ठेवा, त्यातून बागेला नाही. आणि तपासणीचं रजिस्टर सकाळी आठला भरून ठेवायची सवय मोडा. शॉवर दुपारी दोनला उघडून खाली हात धरून बघा.

धुणं आणि विल्हेवाट

फरशीवर सांडलेली लाय वाळूने अडवा, उचला, उरलेलं भरपूर पाण्याने धुऊन ईटीपीकडे न्या. पावसाच्या नाल्यात नाही. उदासीन करायचं तर आधी पातळ करा, मग पातळ ॲसिड हळूहळू, पीएच बघत. बाहेर सोडायची मर्यादा ५.५ ते ९ आहे, आमचा माणूस सातच्या आसपास थांबतो. तापलेली लाय आणि तीव्र ॲसिड एका बादलीत कालवायला कोणी निघाला तर त्याला आधी बादलीपासून दूर करा.

राहता राहिल्या फ्लेक्सच्या रिकाम्या पिशव्या. त्या मजबूत असतात, आत प्लास्टिकचं अस्तर असतं, आणि गावाकडे तूर-सोयाबीन भरायला त्यांना मागणी असते. गेटवर कोणीतरी रोज मागतो. देऊ नका. अस्तराच्या शिवणीत फ्लेक्स उरलेले असतात. पिशवी तीनदा धुवायची, धुण्याचं पाणी ईटीपीत, आणि मग मधोमध फाडून भंगारात, म्हणजे कोणाला ती शिवून वापरता येणार नाही.